सम तारखेचा फुटपाथ

८ जानेवारी, सकाळ. चार किलो मटार सोलून फ्रीजरमध्ये टाकायचा होता. हे काम मी एरवी स्वयंपाकघरात रेडिओ लावून करते. त्या दिवशी परात घेऊन बाल्कनीत बसले, कारण खाली बाबांची परीक्षा होती आणि परीक्षक मी होते.

आमचं घर पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. बाल्कनीतून सोसायटीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या बागेपर्यंतचा सगळा फुटपाथ दिसतो. बाबांनी फाटकातून निघायचं, बागेच्या दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. काठी चालेल, सोबत चालणार नाही. तारीख सम असली पाहिजे. एवढं जमलं की ते खडकीला आपल्या घरी जायला मोकळे, अशी अट होती. अट माझी होती.

दिवाळीनंतर त्यांचा उजवा गुडघा बदलला. वय अठ्ठ्याहत्तर. नोकरी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली आणि निवृत्तीनंतर घरही त्यांनी तिथेच घेतलं, तळमजल्यावर दोन खोल्यांचं. आई गेल्यापासून तिथे एकटे राहतात आणि मजेत राहतात. ऑपरेशननंतर मी त्यांना आमच्याकडे आणलं, तर पहिल्या आठवड्यातच चहा पिताना विचारलं, "मला सोडणार कधी?" जसं काही मी त्यांना अटक केली होती.

भाऊ बंगळुरूला. त्याच्या मते बाबांनी आता कायमचं माझ्याकडेच राहावं. लांबून असं मत देणं फार सोपं असतं. बाबांचं मत नेमकं उलटं. खडकीला दूध, भाजी, औषधं आणायला रोज एकट्यालाच बाहेर पडायचं आहे, हे मला दिसत होतं. म्हणून मी सांगितलं, एकटे चालून दाखवा आणि जा.

व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी चुणचुणीत होती. ती म्हणाली, "आजोबा, डेली वॉक मस्ट आहे हां. एकदम फ्लॅट सरफेसवर. खंड पडला तर गुडघा जॅम होईल, मग मला बोलायचं नाही." रस्ता ओलांडायला तिने बंदी केली होती. सोसायटीच्या आवारात चालता आलं नसतं का, असं कोणी विचारेल. आवारातही गाड्याच आहेत, फक्त तिथल्या कायदेशीर आहेत.

राहिला फुटपाथ. पूर्वी तो अरुंद होता, फरश्या हलायच्या, पण त्यावर गाडी मावत नसे. मग तो नव्यानं बांधला. छान रुंद, सपाट, रंगीत ठोकळ्यांचा. प्रत्येक फाटकाशी चढायला उतार. महिन्याभरात लोकांच्या लक्षात आलं की यावर मोटारसुद्धा आरामात बसते आणि उतारामुळे चढतेही अलगद.

त्यातून आमच्या रस्त्यावर सम-विषम पार्किंग. विषम तारखेला गाड्या आमच्या बाजूला लावायच्या, सम तारखेला समोरच्या. तशा पाट्या आहेत आणि त्या पाळण्यात आमचा रस्ता अतिशय कर्तव्यदक्ष आहे. सम तारखेला आमच्या बाजूला रस्त्यावर एक गाडी सापडणार नाही. सगळ्या फुटपाथवर. नाश्त्याचं दुकान आमच्या बाजूला, क्लास आमच्या बाजूला, मग पलीकडे गाडी लावून रस्ता ओलांडत येणार कोण? गाड्या उचलून नेणारा पोलिसांचा टेम्पो भोंग्यावरून नंबर पुकारत येतो, तो रस्त्यावरच्या गाड्या उचलतो. तो येताना दिसला की रस्त्यावर उरलेली एखादी चुकार स्कूटरसुद्धा टुणकन फुटपाथवर चढते.

बाबांना हे दोन दिवसांत कळलं. पहिल्या दिवशी विषम तारीख होती, ते बागेपर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत फिरले. रस्त्यावर उतरून पुढे जायचा प्रयत्न केला तेव्हा एक मोटारसायकल कोपराला घासून गेली. घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी महिन्यातून पंधरा दिवस बरा होणार." भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून पुढे म्हणाले, "एकतीस आणि एक लागून येतात तेवढी चैन."

मी तक्रार केली. ॲपवर फोटो टाकला, जागा दाखवली, तारीख घातली. दोन-तीन दिवसांनी उत्तर आलं की तक्रारीचं निराकरण झालं आहे. सोबत पुरावा म्हणून फोटोही होता. रिकामा, स्वच्छ, सुंदर फुटपाथ. फोटो विषम तारखेला काढला होता.

मग चौकातल्या हवालदारांना गाठलं. बिचारे सभ्य होते. "मॅडम, रस्त्यावरची गाडी असेल तर आत्ता उचलतो. फुटपाथचं आमच्याकडे नसतं." फुटपाथचं ज्यांच्याकडे असतं त्या कार्यालयात गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, "फुटपाथ आमचा, मान्य आहे. पण गाडीला हात लावायचा आम्हाला अधिकार नाही. ते पोलिसांचं."

घरी येऊन हे बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "फुटपाथ यांचा, गाडी त्यांची. मी कोणाकडे येतो, ते विचारलंस का?"

पुढच्या सम तारखेला मी त्यांच्याबरोबर खाली उतरले. दहा पावलांवर एक मोठी पांढरी मोटार आडवी होती, मागचं चाक भिंतीला आणि पुढचं कडेला. बाबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, चला परत. ते म्हणाले, "मला घाई नाही." आणि दोन्ही हात काठीवर ठेवून खरोखरच उभे राहिले. बऱ्याच वेळानं नाश्त्याच्या दुकानातून एक गृहस्थ इडलीचं पार्सल घेऊन आले.

"आजोबा, जरा बाजूला होता का? दार उघडायचंय."

"होतो की. कुठल्या बाजूला होऊ? इकडे भिंत आहे, तिकडे तुम्ही आहात."

"अहो, दोनच मिनिटं लावली होती."

"मीही दोनच मिनिटं उभा आहे. पाव तास झाला."

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ते म्हणाले, "आज सम तारीख आहे. इथे रस्त्यावर लावली असती तर उचलली असती हो."

"बरोबर आहे. नियम पाळणारा माणूस दिसता आपण," बाबा म्हणाले. "माझं एवढंच काम आहे की मला तुमच्या गाडीला वळसा घालून पलीकडे नेऊन सोडा. हात द्या. गुडघा नवा आहे, तुमच्या गाडीसारखाच. ओरखडा नको."

इडलीचं पार्सल माझ्याकडे आलं. गृहस्थांनी हात दिला, रस्त्यावरच्या गाड्यांना दुसऱ्या हातानं थांबवलं आणि बाबांना मोटारीच्या पलीकडे फुटपाथवर चढवलं. बाबांनी आभार मानले. चार पावलांवर स्कूटर होती. बाबा पुन्हा उभे राहिले. क्लासमधून एक मुलगी धावत आली. "सॉरी आजोबा, ॲक्च्युअली लेक्चर सुरू झालं होतं."

"लेक्चर चालू दे. तू फक्त हात दे."

त्या दिवशी बागेपर्यंत पोचायला पाऊण तास लागला. बाबा इतके खूश मी ऑपरेशननंतर पाहिले नव्हते.

मग हा परिपाठच झाला. विषम तारखेला ते मुकाट्यानं चालून येत. सम तारखेला तयार होऊन, स्वेटर-टोपी घालून निघत आणि गाडीगणिक एकेका मालकाचा हात धरून बागेपर्यंत पोचत. आवाज कधी चढवला नाही, कोणाला नियम सांगितला नाही. फक्त उभे राहायचे. वाटेत ज्याचा हात धरला असेल त्याची चौकशी करायचे, कुठे नोकरी, मुलं काय करतात. पांढऱ्या मोटारवाल्यांच्या आईचाही गुडघा बदलायचा आहे, हे त्यांना तिसऱ्या भेटीत कळलं आणि त्यांनी तिला व्यायाम करून घेणाऱ्या मुलीचा नंबर दिला.

अडचण एकच होती. "बाबा, एकट्यानं चालायचं ठरलंय," मी म्हटलं. "तुम्ही तर वरातीत चालल्यासारखे चालता."

"वरात मी बोलावत नाही. ती वाटेत पार्क केलेली असते."

मी अट मागे घेतली नाही. माझे यजमान एकदा म्हणाले की विषम तारखेचं चालणं धर की हिशोबात. मी धरलं नाही. खडकीला रस्ता त्यांना रोज लागणार आहे, एक दिवसाआड नाही.

डिसेंबर संपता संपता थोडा फरक पडायला लागला. पांढरी मोटार सम तारखेला पलीकडे दिसू लागली. दर खेपेला म्हाताऱ्याला मिरवत नेण्यापेक्षा रस्ता ओलांडणं त्या गृहस्थांना सोपं वाटलं असावं. नाश्त्याच्या दुकानाचे मालक साडेआठ वाजत आले की गिऱ्हाइकांवर ओरडायचे, "पलीकडे लावा, पलीकडे. आजोबा यायची वेळ झाली." बाबा घरी परतले की गाड्या पुन्हा जागेवर. म्हणजे आमचा रस्ता सुधारला वगैरे काही नाही. सकाळचा अर्धा तास तेवढा सुटला. पण बाबांना अर्धाच तास हवा होता. त्यांनी परीक्षेची तारीख मागितली आणि मी आठ दिली.

तर परात मांडीवर घेऊन मी बाल्कनीत बसले होते. साडेआठला बाबा फाटकातून निघाले. चाल बरी होती. दुकान गेलं, क्लास गेला, वाटेत एकही गाडी नव्हती. एवढ्यात पाण्याचे जार आणणारा टेम्पो मागे मागे येत उतारावरून चढला आणि बाबांच्या पुढ्यात फुटपाथ पूर्ण अडवून थांबला. चालक नवा होता, त्याला आमच्या साडेआठची कल्पना नव्हती. माझ्या हातातल्या शेंगा परातीत तशाच राहिल्या. हात धरून पलीकडे गेले असते तर परीक्षा बुडाली असती. एकटे रस्त्यावर उतरले असते तर मला खाली धावावं लागलं असतं, म्हणजे तेच.

बाबांनी काठीनं टेम्पोवर टकटक केलं. खिडकीतून चालकाचं डोकं बाहेर आलं. बोलणं मला वरपर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं.

"काय हाय, बाबा? हात देऊ का?"

"हात नको. टेम्पो खाली घे."

"पाच मिन्टात जार उतरवतो की. तिकडून जावा."

"तिकडून जायची परवानगी नाही. मला एकट्यानं जायचंय आणि सरळ जायचंय. परीक्षा चालू आहे." त्यांनी काठी उचलून माझ्याकडे रोखली. "ते बघ, परीक्षक."

चालकानं वर पाहिलं. "ताई, करा की पास. म्हातारं माणूस हाय."

"आधी टेम्पो खाली घ्या," मी म्हटलं.

"खाली घेतला तर उचलत्याल मला. आज ह्या बाजूला बंद हाय ना."

"उचलायला आले तर मी बोलतो," बाबा म्हणाले.

तो काहीतरी पुटपुटला, पण टेम्पो रस्त्यावर घेतला. बाबा पुढे गेले. बागेच्या दाराला हात लावला, वळले आणि परत यायला लागले. आणि ते टेम्पोपर्यंत पोचायच्या आत चौकातले हवालदार पोचले. फुटपाथवर असता तर त्या टेम्पोला दिवसभर कोणी हटकलं नसतं. रस्त्यावर उतरल्याबरोबर मोबाइलमध्ये त्याच्या नंबराचा फोटो काढायला ते सरसावले. चालक बाबांकडे बोट दाखवत होता.

बाबा चालत आले. थांबले नाहीत, कारण थांबलं तर गुण कापीन असं मी सांगितलं होतं. चालता चालताच म्हणाले, "साहेब, त्यानं माझ्यासाठी खाली घेतलाय. माझं होईपर्यंत थांबा, मग तो वर चढवेल आणि तुमची जबाबदारी संपेल."

हवालदारांनी आधी बाबांकडे आणि मग वर माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी आठवत असणार. मोबाइल खिशात गेला. "पाच मिनिटांत जार उतरव आणि नीघ," ते चालकाला म्हणाले आणि बागेकडे चालू लागले. त्यांच्या सैल कारभाराचा आम्हाला झालेला हा पहिला उपयोग.

बाबा जिना चढून वर आले. जिना परीक्षेत नव्हता. दारातच विचारलं, "निकाल?"

"बसा. चहा टाकते."

"चहा नंतर. निकाल."

"पास," मी म्हटलं. "टेम्पोवाल्याला सांगायला हवं."

"सांगितलं मी त्याला. तुझ्याआधी." ते खुर्चीत बसले, टोपी काढली आणि परात पुढे ओढून मटार सोलायला लागले. अर्धी शेंग दाण्यांसकट सालांत टाकत होते. "रविवारी नेऊन सोड. आणि त्या इडलीवाल्याला निरोप दे, नाहीतर उगाच सम तारखेला ओरडत बसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडकीला गेले. खिडक्या उघडल्या, घर झाडून पुसून घेतलं, चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवरून खाली ओट्यावर आणले आणि पायात अडकणारं बैठकीतलं पायपुसणं गुंडाळून माळ्यावर टाकलं. शेजारणीला दुसरी किल्ली दिली. प्लंबरला बोलावून न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवून घेतली. तो म्हणाला, पक्की बसली आहे. मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि दांडीला धरून स्वतः दोनदा उठून-बसून पाहिलं.