महर्षींचे कण आणि वैशूचे बिबडे

विज्ञानाच्या बाजूने उभी राहिलेली माणसं पुष्कळ असतील. विज्ञानाच्या बाजूने बिबड्यांवर आडवा झालेला माणूस मात्र अख्ख्या जळगाव जिल्ह्यात मी एकटाच आहे.

(बिबडे ज्यांना ठाऊक नाहीत त्यांची मला मनापासून कीव येते. ज्वारी भिजवून आंबवायची, तिचं पीठ करायचं, लसूण-जिरं-तीळ-तिखट घालून भल्या मोठ्या पातेल्यात त्याचा घाटा शिजवायचा आणि ओल्या लुगड्यावर ओल्या हाताने पापडाएवढे थापून कडक उन्हात वाळवायचे. मग वर्षभर निखाऱ्यावर भाजून, शेंगदाण्यांबरोबर, कच्च्या तेलात बुडवून खायचे. असो. तोंडाला पाणी सुटलं की माझं लिहिणं थांबतं.)

मी जळगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि दर रविवारी एका दैनिकात सदर लिहितो. सदराला विषय अनेक असावेत अशी संपादकांची इच्छा होती, पण माझ्याकडे एकच होता. तो म्हणजे महर्षी!

महर्षी म्हणजे ‘विज्ञानमहर्षी’. ही पदवी त्यांना कुठल्या विद्यापीठाने नाही, एका वृत्तवाहिनीने दिली आहे. तरुणपणी या माणसाने खरोखर चांगलं संशोधन केलं होतं. मी कॉलेजात असताना त्यांचं व्याख्यान ऐकायला पाचोऱ्याहून पॅसेंजरला लोंबकळत गेलो होतो आणि परत येताना ठरवलं होतं, आपण भौतिकशास्त्रच घ्यायचं. पुढे त्यांना टीव्हीवर बोलावू लागले आणि घात झाला. कांदा कुठल्या दिशेला तोंड करून चिरावा, म्हाताऱ्यांचे गुडघे कुठल्या ग्रहामुळे वाजतात, सासू-सुनांची भांडणं चुंबकीय क्षेत्राने कशी होतात, सगळ्यावर महर्षी बोलणार! समोरची निवेदिका डोळे मोठे करून “अच्छा?” म्हणणार! “कशावरून?” हा एवढासा प्रश्न तिला कधी सुचला नाही. मग तो मी दर रविवारी विचारायचो, आणि चांगला हजार शब्दांत विचारायचो. खरं सांगतो, मला त्यांचा राग नव्हता, दुःख व्हायचं. पण दुःखावर सदर चालत नाही, म्हणून राग करायचो.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं, वैशूचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, इंजिनिअर, वैशूनेच पसंत केलेला. होणारे सासरे नाना म्हणजे लाखात एक माणूस! देणंघेणं नको, मानपान नको. फक्त बैठकीच्या खोलीत, देवांच्या रांगेत, गणपतीच्या शेजारी महर्षींचा फोटो. त्यालाही हार!

धुळ्याहून परतताना गाडीतच वैशूने माझा हात धरला.

“दादा, लग्न होईपर्यंत नानांसमोर महर्षींचं नाव काढायचं नाही.”

“अगं, पण माझं सदर...”

“जळगावची आवृत्ती धुळ्याला जाते?”

“नाही.”

“मग लिही बापडा. पण नानांना कळलं आणि हे लग्न मोडलं, तर मी जन्मभर तुझ्याच घरी राहीन. आणि रोज स्वयंपाक तू करायचास!”

मी शब्द दिला. पाळायचाही होता.

लग्नाला महिना राहिला तसे रुखवताचे बिबडे करायचे ठरले. आईने ज्वारी भिजत घातली. आमच्या गल्लीत कुणाकडेही बिबडे असोत, सेनापती अक्काच. अक्का मूळच्या दोंडाईच्याकडच्या. इतकी वर्षं जळगावात काढली तरी बोली अस्सल आणि आवाज असा, की मोबाइलची गरज पडत नाही. ज्वारी आंबली, पीठ तयार झालं, गुरुवारी पहाटे घाटा शिजवायचा असं अक्कांनी जाहीर केलं.

आणि बुधवारी संध्याकाळी महर्षी टीव्हीवर आले!

“उद्या दुपारी सूर्याकडून विद्युतभारित कणांचा एक झोत पृथ्वीवर येतो आहे,” ते शांतपणे म्हणाले. “हे कण ओल्या अन्नाकडे आकर्षित होतात. उद्या कुणीही वाळवण घालू नये. ते खाल्लं तर घरात कलह माजेल. अंगात शिरले तर माणूस जागच्या जागी कोसळेल. बाहेर पडावंच लागलं तर डोकं झाका आणि पाणी पीत राहा. पाण्याने कण वाहून जातात.”

“अच्छा?” निवेदिका म्हणाली.

पाचच मिनिटांत धुळ्याहून फोन. आईने स्पीकर लावला.

“विहीणबाई, ऐकलंत ना? उद्याच्या उन्हातलं काही आमच्या घरात नको. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.”

“छे हो नाना, उद्या कशाला घालतोय!” असं म्हणून आईने फोन ठेवला आणि आंबलेल्या पिठाकडे बोट दाखवलं. “आता? उद्या नाही शिजवलं तर हे सगळं उकिरड्यावर!”

“आता काय? उद्याच थापायचे!” मी गरजलो.

“नाना काय धुयाथून दखी राह्यना का?” धुळ्याहून नाना थोडेच बघणार, असं मत अक्कांनीही दिलं. “टाक माय, काय व्हत नही.”

इथपर्यंत सगळं गुपचूप पार पडलं असतं. पण माझ्या अंगात सदर संचारलं. महर्षींनी वार सांगितला होता, वेळ सांगितली होती, लक्षणं सांगितली होती. असा मोका पुन्हा कधी? वाचकांसाठी मी मोबाइलवर एक पान उघडलं होतं. त्यावरून थेट प्रक्षेपण करायचं ठरवलं: दुपारभर गच्चीवर बसायचं, सगळे कण अंगावर घ्यायचे आणि शेवटी उठून विचारायचं, “बोला महर्षी, मला काय झालं?”

वैशूला सांगितलं नाही. शब्द नानांसमोर न बोलण्याचा होता, मोबाइलसमोर न बोलण्याचा नव्हता. (असले युक्तिवाद माणसाला सुचतात तेव्हाच त्याने घरात बसावं.)

गुरुवारी सकाळी बायकांनी गच्चीभर लुगडी अंथरून बिबडे थापले आणि ऊन चढायच्या आत त्या खाली गेल्या. अर्धे ओले बिबडे खायला फार गोड लागतात. त्यातले आठ-दहा मी तेलाबरोबर हाणले आणि खुर्ची मांडली. समोर पाण्याच्या टाकीवर विटेला टेकवून मोबाइल ठेवला. बिबडे त्यात दिसणार नाहीत एवढी अक्कल मला होती.

आता जळगावचा मे महिना. इथे बारा वाजता कुत्रं रस्ता ओलांडत नाही. वाळत घातलेले कपडे आत आणायलासुद्धा माणूस डोक्याला रुमाल गुंडाळून जातो. आणि मी, जन्मापासून हेच ऊन खाल्लेला, बोडक्या डोक्याने मधोमध बसलो होतो!

अक्का जिन्यातून डोकावल्या. “ओ मास्तर, डोकाले रुमाल तरी बांध!”

“रुमाल बांधला तर ते म्हणतील, कण रुमालाने अडवले!”

“मग पानी पे.”

“पाणी प्यायलो तर म्हणतील, कण वाहून गेले!”

“तुन्हं शिक्षण जास्त व्हई गयं,” एवढं म्हणून अक्का खाली गेल्या.

प्रक्षेपण रंगलं. बघणारे वाढत होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, “महर्षींनी सांगितलेला एकेक कण मी अंगावर घेणार! ना टोपी, ना पाणी! महर्षींसाठी हा देह हाजिर आहे!” टोमणा असा झाला होता की मीच स्वतःवर खूश झालो. त्यानंतर जीभ टाळूला चिकटली. टाक्या दोन दिसायला लागल्या. मग तीन. मधल्या टाकीवर महर्षी मांडी घालून बसले होते आणि “अच्छा?” म्हणत होते. त्यांना उत्तर द्यायला मी तरातरा उठलो, दोन पावलं गेलो, टाकीला धडकलो आणि सरळ उलटा वळून बिबड्यांवर कोसळलो.

माझ्या धक्क्याने वीट सरकली आणि मोबाइल नेमका बिबड्यांकडे वळून पडला. प्रक्षेपण चालूच! आवाज ऐकून अक्का धावत आल्या.

“मरी गया व माय, मास्तर मरी गया!” मग खाली बघून, त्याहून मोठ्याने: “वैशूना रुखवतना बठ्ठा बिबडा चपटा करी टाकात व माय!”

एवढं बोलून त्यांनी टाकीतून बादली भरली आणि माझ्यावर ओतली. मग आणखी एक. मग आणखी एक. मी शुद्धीवर आलो. माझ्याखाली न सापडलेले जे बिबडे होते त्यांचा पुन्हा घाटा झाला आणि तो पन्हाळीवाटे खाली अंगणात गेला.

दुपारी मी खाटेवर पडलो होतो. तळपायांना कांदा, कपाळावर ओलं फडकं, हातात कैरीचं पन्हं. वैशूचा मोबाइल वाजला. पलीकडे नवरदेव. तिने ऐकलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“नानांना कुणीतरी व्हिडिओ पाठवला. नाना गाडी घेऊन निघालेत.”

वैशू माझ्याकडे आली, कपाळावरचं फडकं तिने उलटवलं आणि रडत रडत म्हणाली, “तू आधी बरा हो दादा. मग मी तुला मारते.”

ती तशी रडताना मी तिला लहानपणानंतर पाहिली नव्हती. सदर, महर्षी, विज्ञान सगळं खड्ड्यात जाऊ दे आणि हिचं लग्न होऊ दे, असं मला अगदी आतून वाटलं.

दिवस मावळताना नाना आले. चपला काढल्या, सरळ माझ्या खाटेपाशी आले आणि उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले.

“सर,” नाना म्हणाले, “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“कधीपासून तुम्ही महर्षींचे शिष्य आहात? आणि आम्हाला पत्ता नाही!”

मी एक डोळा उघडला. नानांच्या डोळ्यांत पाणी होतं! त्यांनी मोबाइल पुढे धरला. त्यांना आलेला तुकडा नेमका तिथूनच सुरू होत होता: “महर्षींनी सांगितलेला एकेक कण मी अंगावर घेणार! महर्षींसाठी हा देह हाजिर आहे!” आणि मग धप्प! आधीची अर्ध्या तासाची टिंगल कुणीतरी छाटून टाकली होती. (महर्षींच्या भक्तांना संपादन करता येतं. माझ्या संपादकांनी हे शिकावं.)

“आम्ही नुसता फोटोला हार घालतो,” नाना म्हणाले, “तुम्ही देह दिला!”

मी तोंड उघडलं. वैशूने पन्ह्याचा पेला त्यात कोंबला.

“आणि हे बघा, आत्ता टीव्हीवर दाखवलं.” पडद्यावर मी कोसळत होतो, शेजारच्या चौकटीत महर्षी मंद हसत होते. “जळगावच्या या तरुण प्राध्यापकाने माझं म्हणणं सिद्ध केलं आहे. आणि त्याने स्वतःच्या शरीरातून गाळलेले कण ज्या अन्नात उतरले, ते अन्न आता औषधी झालं आहे. मात्र भाजून खावं.”

“अच्छा?” निवेदिका म्हणाली.

नाना आईकडे वळले. “तर विहीणबाई, रुखवतात तेच बिबडे हवेत. बाकी काही नसलं तरी चालेल.”

आईने अंगणातल्या पन्हाळीकडे पाहिलं. तिथे गल्लीतली कोंबडी ते औषध टिपत होती. मग तिने अक्कांकडे पाहिलं.

“शेतना!” म्हणजे ‘आहेत ना!’ असं अक्का गडगडल्या. “बठ्ठा शेत! मन्हा घरमा, डब्बामा ठेयेल शेत!”

ते अक्कांचे स्वतःचे बिबडे होते, आमच्या आधी कधीतरी साध्यासुध्या उन्हात वाळवलेले. पण नाना समाधानाने धुळ्याला परतले आणि लग्न शाबूत राहिलं.

लग्नाच्या दिवशी धुळ्यात रुखवताच्या टेबलावर मधोमध स्टीलची परात, तिच्यात बिबडे, आणि वर झेंडूची माळ. पाहुण्यांची ही गर्दी! नानांनी माइक घेतला. “आता सर स्वतः सांगतील.”

मी माइक हातात घेतला. दर रविवारी “कशावरून?” असं विचारणारा मी, समोर दोन्हीकडचे पाचशे पाहुणे. खोटं न बोलता निभावून न्यायचं ठरवलं.

“या बिबड्यांमागे,” मी म्हणालो, “काय काय सोसावं लागलं, ते माझं मलाच ठाऊक.”

टाळ्या! पण नाना सोडतात थोडेच? “म्हणजे यात कण आहेत ना, सर?”

मी वैशूकडे पाहिलं. मुंडावळ्यांच्या आडून तिचे दोन डोळे माझ्यावर रोखलेले. एवढी घाबरलेली नवरी मी कुठल्या लग्नात पाहिली नाही.

“आहेत,” मी म्हणालो. “खच्चून आहेत.”

लगेच शेगडी आली, निखारे आले, बिबडे भाजले गेले आणि तुकडे प्रसादासारखे हातोहात गेले. नानांच्या थोरल्या बहिणीने तुकडा चावला, काठी बाजूला ठेवली आणि जाहीर केलं की गुडघा मोकळा झाला. एका काकांना लांबचं दिसायला लागलं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारत होतो. (खराखुरा मारता येत नव्हता. ऊन लागल्यापासून माझं डोकं सारखं ठणकत होतं. गोळ्या झाल्या, दोन डॉक्टर झाले, फरक शून्य.) तेवढ्यात नानांनी स्वतःच्या हाताने एक अख्खा बिबडा मला भरवला. नाही म्हणायची सोय नव्हती.

आणि खोटं कशाला सांगू? बिबडा संपता संपता डोकं थांबलं. साफ थांबलं!

मी जरा वेळ वाट पाहिली. मान हलवून पाहिली. मग आजूबाजूला माझा कुणी वाचक नाही याची खात्री करून घेतली आणि अक्कांना गाठून कानात विचारलं, “अक्का, तुमच्या डब्यात अजून उरलेत का हो?”