शुक्रवारची सवाष्ण

नाव : सौ. गोदावरीबाई कमलाकर मैंदर्गीकर. वय : अडतीस. राहणार : उत्तर कसबा, सोलापूर. अपत्ये : पाच, पैकी हयात : पाच. पती, सासू, सासरे : हयात. धंदा : काही नाही.

शेवटचा रकाना १९३१च्या खानेसुमारीत त्यांच्या नवऱ्यानेच भरून दिला. कमलाकरपंत कचेरीत कारकून. श्रावणातल्या शुक्रवारी दुपारी ते घरी नसत, त्यामुळे बायकोच्या धंद्याची त्यांना कल्पना नव्हती.

जिवतीच्या पूजेला, लेकराबाळांच्या आयुष्यासाठी, सवाष्ण जेवायला घालतात. आणि तिची स्वतःची सगळी मुलं जगलेली असतील तर सोन्याहून पिवळं. गल्लीत अशी एकच. म्हणून गोदावरीबाई दर शुक्रवारी तीन घरी पुरणपोळी जेवत. तिसऱ्या घरी पोळीवर तुपाची धार पडू लागली की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. यजमानीण समजे, भक्ती.

नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा म्हटलं होतं. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या पद्मजाने बाळाच्या पहिल्या श्रावणात बोलावलं, तेव्हा यांनी डोकं दुखतं म्हणून टाळलं. पुढच्याच आठवड्यात बाळ गेलं. कुणी काही बोललं नाही. पद्मजाने मात्र पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि त्याचा अर्थ लावायला गोदावरीबाईंना पंचांग लागलं नाही. तेव्हापासून त्या कुणाला नकार देत नसत, पानातही काही टाकत नसत.

यंदा दुसऱ्या शुक्रवारी तिसरं जेवण आटोपून येताना त्या पद्मजाच्या ओट्यावर टेकल्या, त्या उठेचनात. पद्मजा ताकाचं भांडं घेऊन बाहेर आली.

"जिरं घातलंय, काकू. घोट घोट घ्या."

भांड्याकडे बघत गोदावरीबाई म्हणाल्या, "त्या साली मी आले असते तर तुझं बाळ राहिलं असतं गं. तुझी सवाष्ण मी चुकवली."

पद्मजा त्यांच्याजवळ बसली. "त्याला जन्मापासून दूध पचत नव्हतं, काकू. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आणि तुमच्याऐवजी दुसरी कुणी जेवून गेली की. कोण, ते आठवतसुद्धा नाही मला." तिने भांडं त्यांच्याजवळ सरकवलं. "त्याचं जावळ आठवतं."

"मग नऊ वर्षांत बोलावलं का नाहीस?"

"तीन घरी जेवून भिंत धरत जाता तुम्ही. दर शुक्रवारी बघते. चौथं पान कुठल्या तोंडाने मांडू?"

गोदावरीबाई हसल्या. हसताना पोट दुखलं, म्हणून थांबल्या. मग बराच वेळ डोळ्यांना पदर लावून बसल्या, आणि पद्मजाने त्यांना बसू दिलं.

पुढच्या गुरुवारी त्या तीन घरांपैकी एका घरच्या गिरिजाबाई आमंत्रण घेऊन आल्या. "उद्या पानं साडेअकराला हं, काकू."

"उद्या मी येत नाही, गिरिजाबाई."

"का हो? बरं नाही का?"

डोकं दुखतं, हे अगदी जिभेवर आलं होतं. "बरी आहे की. येणार नाही, एवढंच."

गिरिजाबाई उंबऱ्यातूनच दुसरी सवाष्ण बघायला गेल्या. त्यांची मुलं पुढचा सबंध आठवडा शाळेत गेली.

शुक्रवारी गोदावरीबाईंनी घरच्या जिवतीला पुरणाचा नैवेद्य दाखवला, आपण ताकभात खाल्ला आणि चार वाजेपर्यंत झोपल्या.