भोंग्यातली बाई

रेकॉर्डिंगला बसण्याआधी ती हातातल्या बांगड्या काढून माझ्या टेबलावरच्या पेनांच्या डब्यात टाकायची, पदरानं ओठ पुसायची आणि म्हणायची, "हां दादा, करा चालू. पर मदी टोकू नका."

टोकतोय कशाला! भोरात एसटी स्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून केलेला स्टुडिओ. स्टुडिओ म्हणायची लाज वाटते, पण पाटीवर तसंच लिहिलंय. टेम्पोच्या भोंग्यावरून 'चादरी आल्यात' म्हणत जो आवाज गावोगाव फिरतो, तो अशाच खोल्यांत भरला जातो. तुमच्याही दारावरून गेला असेल. आमच्या पट्ट्यात तो बहुतेक हिचाच असायचा.

बाई विंझरची, तिशीतली. नवऱ्याला सोडून भावाकडे राहिलेली. लिहून दिलेला कागद ती वाचायचीच नाही. एक नजर टाकून बाजूला ठेवायची आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशी सुरू व्हायची. "आवं मावशी, दारात हुबं ऱ्हाऊन काय बगता? या की खाली! घेऊ नका, हात तर लावून बगा!"

शिवऱ्याचा एक चादरीवाला तिचं जुनं गिऱ्हाईक. तो सांगायचा, एका गावात म्हातारी खरंच गाडीपाशी आली आणि विचारायला लागली, "ती बोलनारी कुठं बसलीय?" हे ऐकून ही एवढी हसली, की त्या दिवशीचं रेकॉर्डिंग दोनदा पुसावं लागलं.

घरचा विषय निघाला की मात्र एवढंच म्हणायची, "वैनी वाईट न्हाई वो दादा. पर घर तिचं हाय." भावाच्या घरी ती धान्याच्या पोत्यांच्या खोलीत झोपायची. त्या दाराला आतून कडी नव्हती. तिला भोरात एक खोली हवी होती, आतून कडी लावता येईल अशी. आमच्या दुकानामागच्या आळीत चाची राहतात, त्यांची एक खोली रिकामी होती. चाचींनी ती तिला दाखवली, तिला आवडली, तशा चाची म्हणाल्या, "अनामत आण आणि ये राहायला. थोडं थांबेन मी तुझ्यासाठी." अनामतीसाठी हिनं आपलं डोरलंही मोडलं. पैसे हातात होते हो! दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचे, एवढंच बाकी होतं.

नेमकी तेव्हाच माझ्या काउंटरवर कुणीतरी पत्रकांचा गठ्ठा ठेवून गेलं. पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेचा माध्यम प्रमाणपत्र अभ्यासक्रम. बातम्या वाचायला शिकवणार, सहा महिने, शनिवार-रविवार, नोकरीसाठी साहाय्य. फी जवळजवळ डोरल्याच्या पैशाएवढीच.

"दादा, तुमी शिकलेलं हाय. तुमीच सांगा."

झालं, माझ्यातला शहाणा जागा झाला. बिलबुकाच्या पाठीवर मी गणित मांडलं. भोंग्याचे महिन्याला फार तर दीड हजार. संस्थेतली मॅडम फोनवर म्हणाली, सुरुवातीलाच पंधरा. मी ऐटीत भागाकार करून दाखवला. चार महिन्यांत फी वसूल, पाचव्या महिन्यात खोली! आजवर किती जणांना नोकरी लागली, एवढं साधं विचारायचं मात्र सुचलं नाही.

"आन न्हाई लागली नोकरी तर?" तिनं विचारलं.

"तर काय, भोंगा आहेच की! तो कुठं जातोय?"

माझेच शब्द. आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डोरल्याचे पैसे फीत गेले, चाचींना मीच 'वर्षभर थांबा' म्हणून सांगितलं. बाईनं जीव तोडून अभ्यास केला. संस्थेत पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, हा गावाकडचा हेल आधी काढा. दातांत पेन्सिल धरून ती दुकानात बसून शब्द घोटायची. मी कौतुकानं चहा मागवायचो. दोन-तीन महिन्यांनी ती लिहून दिलेला कागद जसाच्या तसा वाचायला लागली. मी म्हटलं, वा, सुधारली की! अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

प्रमाणपत्र आलं. मी फुकट लॅमिनेशन करून दिलं. साहाय्य म्हणजे एका कागदावर तीन फोन नंबर निघाले, त्यातला एक बंद. दोन ठिकाणी 'कळवतो' म्हणाले. एकानं तीन महिने बिनपगारी यायला सांगितलं. पुण्यात राहायचं कुठं, खायचं काय, ते त्यानं सांगितलं नाही. ती गेली नाही.

दिवाळीच्या आधी चादरीवाला आला. मी उत्साहानं तिला बोलावून घेतलं. तिनं रेकॉर्डिंग केलं. स्वच्छ, कुठंही न अडखळता. चादरीवाल्यानं ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"ताई, रागावू नका. पर बातम्या लागल्यात असं वाटतंय. बाया येतील व्हय भाईर?"

"पुन्हा करते. पहिल्यासारखं करते."

तिनं केलं. तीन वेळा केलं. 'आवं मावशी' म्हणाली, हसलीसुद्धा. गॅदरिंगमध्ये शहरातली मुलगी खेडवळ बाईचं सोंग घेते, तसं वाटत होतं. चादरीवाला खाली बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई. मोबाईलवर आता फुकाट आवाज मिळतोय, पुतण्या करून देतो म्हनलाय." आणि गेला.

मला राहवेना. मी म्हटलं, "अगं, शेवटचं जमलं होतं. त्याला काय कळतंय!"

तिनं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"खोटं बोलू नका दादा. तेवढं ऐकायला मला आता शिकवलंय."

रडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे उठली आणि गाडीला गेली. त्यानंतर ती भोरात आली नाही. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा वहिनीनं उचलला आणि ती रानात आहे म्हणाली.

महिनाभरानं चाची दुकानात आल्या. "अरे, ती विंझरची पोरगी खोलीला येणार होती ना? बँकेतला एक जण विचारतोय. मी तिच्यासाठी थांबलेय. काय करू?"

प्रिंटरवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चालू होता. मी तिकडेच बघत म्हणालो, "देऊन टाका, चाची."