सरकारी घेवड्यावरची प्रार्थना

ओपल रॅटलिफ देवाशी बोलताना आवाज खाली आणत नसत. अमेरिकेत, केंटकीतल्या एका कोळशाच्या खोऱ्यात, चर्चच्या तळघरात, त्या रोज दुपारी म्हाताऱ्याकोताऱ्यांना जेवायला घालत. घेवड्यात डाव बुडवण्याआधी डोळे मिटून प्रार्थना. ती कुठल्या पुस्तकातली नव्हती. तीत चर्चच्या गाडीचे ब्रेक येत, कुणाचा गुडघा येई, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "आणि प्रभू, क्लाइडला क्षमा कर, त्यानं खायला सुरुवात केली आहे."

क्लाइड मुलिन्सनं अर्धं आयुष्य खाणीत काढलं होतं आणि तो नास्तिक होऊन वर आला होता. आपण एवढं खोल खणलं पण नरक काही लागला नाही, असं तो सांगे. प्रार्थना चालू असताना तो मुद्दाम मक्याचा पाव कुरतडत बसे.

या पंगतीला सरकारी अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा गावात एकट्या क्लाइडनं विरोध केला. "चर्चनं आपल्या झोळीतून वाढावं. सरकारचा पैसा सगळ्यांचा. तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वृद्ध केंद्राला द्या."

"मग तिकडेच जेवत जा की," ओपलबाई म्हणाल्या.

"तिथं बंद डब्यातलं जेवण येतं, मिस ओपल. मी तत्त्वाचं बोलतोय. पोटाचा विषय वेगळा." तिकडे वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आदरानं 'मिस'च म्हणत.

अनुदान आलं ते अट घेऊन. चर्चच्या माणसांनी जेवणाच्या टेबलाशी प्रार्थना म्हणायची नाही. म्हणायची तर वर, चर्चमध्ये, वेगळ्या वेळी. जिना तर कुणालाच चढवत नव्हता. ओपलबाईंनी अट ऐकून घेतली आणि प्रार्थना चालूच ठेवली. मग तपासनीस बाई येणार असल्याचं कळलं आणि पाद्री, ब्रदर डेन्व्हर, स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. त्या चर्चमध्ये सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणत.

"सिस्टर ओपल, उद्या एक दिवस गप्प राहा. अनुदान गेलं तर ही चूल विझली."

"देवाला काय सांगू?"

"त्याला सगळं ठाऊक असतं."

"माझ्या नवऱ्यालाही ठाऊक असायचं. म्हणून मी बोलायची थांबले नव्हते."

पण चूल विझायला नको होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओठ घट्ट मिटून वाढलं. मिस हॅनली नावाची ती तरुण तपासनीस कोपऱ्यात बसली होती. ताटं भरली. चमच्याला कुणी हात लावेना. प्रार्थनेआधी घास घ्यायचा नाही, हे त्या लोकांच्या हाडात होतं. घेवड्यावर साय धरू लागली. आपलं अन्न निवताना पाहणं ओपलबाईंनी आजवर कधी सोसलं नव्हतं. क्लाइडसुद्धा पावाकडे नुसता बघत होता.

"जेवण बरं नाही का?" मिस हॅनलीनं विचारलं. लिहायला तिनं पेन उघडलं.

"तू तरी खा की रे," ओपलबाई क्लाइडच्या कानाशी कुजबुजल्या.

"तुमच्या प्रार्थनेशिवाय चवच लागत नाही," क्लाइड रागानं म्हणाला. मग तो तपासनीस बाईंकडे वळला. "बाई, ही बंदी चर्चच्या माणसांना ना? जेवणाऱ्यानं आपल्या मनानं काही म्हटलं तर?"

"त्याला हरकत नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आजवर ते फक्त ऐकत आले होते. खुर्ची करकरली. क्लाइड उठला, टोपी काढली, आणि खाणीतल्या धुळीनं खरवडलेल्या आवाजात त्यानं ती प्रार्थना म्हटली. ब्रेक, गुडघा, कुठंही न अडखळता. शेवटाशी येऊन तो थांबला.

"आणि प्रभू, क्लाइडला क्षमा कर. आज त्यानं सुरुवात केलेली नाही, पण कर."

"आमेन," सगळं तळघर म्हणालं आणि चमचे वाजू लागले. मिस हॅनलीनं पेन बंद करून एक ताट मागून घेतलं.

अनुदान टिकलं. क्लाइड मात्र अडकला; आता रोज तोच प्रार्थना म्हणतो, पाव निवेपर्यंत. परवा त्यानं हळूच विचारलं, "मिस ओपल, या कामाबद्दल एक पाव जास्त मिळेल का?"

"नाही," ओपलबाई म्हणाल्या. "सरकारी पैशातून प्रार्थनेचा मोबदला देता येत नाही."