आबांच्या डोळ्यातलं लोखंड

माझ्या नवऱ्याचं नाव बळीराम. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हे नाव मी उखाण्यातच घेतलं, बाकी सगळं 'अहो' आणि 'सचिनचे बाबा'. आता सरळ घेते. ऐकायला तेच नाहीत, मग लाज कोणाची धरू?

माणूस साधा. वडील अमरावतीकडून जबलपूरला फॅक्टरीत कामाला आले, मग हेही तिथंच लागले. चौतीस वर्षं ग्राइंडिंग केलं, म्हणजे लोखंड घासून गुळगुळीत करायचं. त्यात कान अर्धे गेले. घरातही मशीनच्या वर आवाज चढवून बोलायचे, त्यामुळे आज आमच्याकडे भाजी कोणती ते अधारतालच्या अख्ख्या गल्लीला माहीत असायचं. मी चिडायची, म्हणायची, अहो मी बहिरी नाही. ते म्हणायचे, मग उत्तर काहून देत नाहीस?

आमची नात समृद्धी, सात वर्षांची. तिला शाळेत दोनदा झटके आले. डॉक्टर म्हणाले, डोक्याचा एमआरआय काढा. ओमतीजवळच्या एका सेंटरवर नेलं. पोरीनं ते पांढरं भोक पाहिलं तेव्हाच तिचे हात थंड पडले, आणि आत सरकवून ठकठक सुरू झाली तशी अशी किंचाळली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. फोटो काही निघाला नाही. भूल देऊन काढावं तर पोरीला दमा, त्यात छाती भरलेली. भुलीचे डॉक्टर म्हणाले, होता होईल तो जागेपणीच काढू, घरी तयारी करून आठ दिवसांनी या. डोक्यात काय आहे ते दिसल्याशिवाय औषध ठरेना, आणि इकडे एमआरआयचं नाव काढलं की पोरगी दिवाणाखाली जाऊन बसे.

मुलगा सचिन रेल्वेत इंजिन चालवतो, त्याच्या सुट्टीची नेहमीचीच मारामार. सून नेहा सातव्या महिन्यात. मी देवाला साकडं घातलं आणि रडत बसले, दुसरं मला काय येते? हे उठले आणि मेन रोडवरच्या दुकानातून कूलरचा मोठा रिकामा खोका डोक्यावर घेऊन आले.

खोक्याच्या दोन्ही बाजू कापल्या. मग पक्कड घेऊन बसले आणि पुठ्ठ्याला मारलेली एकेक पिन उपटून काढली. मी म्हटलं, अहो, खेळातला खोका तो, पिना राहिल्या तर काय बिघडते? म्हणाले, आत लोखंड चालत नाही, नियम म्हणजे नियम. बावीस पिना निघाल्या. वाटीत भरून मला दाखवल्या, जशी काही मोठी कमाई करून आणली.

पहिले दोन दिवस तिला आत घातलंच नाही. स्वतःच शिरायचे. सहासष्ट वर्षांचा माणूस खोक्यात उताणा, गुडघ्यापासून पाय बाहेर, आणि पोरगी वरून लाटण्यानं थाळी बडवते. आतून हे ओरडून सांगायचे, हा आवाज प्रेसचा, हा ड्रिलचा, आता कोणी हातोडी घेतली बघ. मशीन ओरडते, चावत नाही. फॅक्टरीचा नियमही शिकवला: मशीन चालू आहे तोवर आपला हात जागचा हलवायचा नाही, भोंगा झाला की सुट्टी. भोंगा हे तोंडानं वाजवायचे. शेजारच्या हेमलताबाई एकदा घाबरून धावत आल्या, वाटलं घरात कोणी गेलं.

तिसऱ्या दिवशी पोरगी आत शिरली, पण एका अटीवर. तिला मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदीत. म्हणाली, "आबा, पैर मत छोड़ना।"

तेव्हापासून यांनी तिचा उजवा पाय धरला. एकदा दाबला म्हणजे मी इथंच आहे, दोनदा दाबला म्हणजे अर्धं झालं. पाच मिनिटं, मग दहा. लाटणं आता माझ्या हातात आलं. माझ्या माहेरच्या थाळीला पोचे पडले म्हणून मी किती बोलले यांना, तोंडाला हाड नाही माझ्या. आठव्या दिवशी पोरगी पुरी पंचवीस मिनिटं पडून राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, बस, इतना ही?

सेंटरवर मशीन चालवणारा अनुपम म्हणून पोरगा होता, बोलायला गोड. आत पेशंटसोबत एकजण थांबू शकतो म्हणाला. पण मशीन म्हणजे मोठं चुंबक, म्हणून सोबत जाणाऱ्यालाही फॉर्म भरावा लागतो. छातीत मशीन बसवलं आहे का, पायात सळई आहे का. हे नाही, नाही म्हणत गेले. मग त्यानं विचारलं, आधी काम काय करत होता? यांनी ऐटीत सांगितलं, ग्राइंडिंग. त्यानं विचारलं, डोळ्यात कधी लोखंड गेलं होतं का? हे हसले. म्हणाले, गेलं होतं की, एक्क्याण्णव साली. डॉक्टरनं काढलं, जरासं राहिलं. त्रास काहीच नाही. फॅक्टरीतल्या कोणाच्या अंगात लोखंड नाही, भैया?

अनुपमचा पेन थांबला. त्यानं समजावलं, चुंबकानं तो कण हलला तर डोळा जाईल, तुम्हाला आत पाय ठेवता येणार नाही.

काय सांगू बाप्पा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोक्याच्या बावीस पिना उपटल्या या माणसानं आणि स्वतःच्या डोळ्यातली विसरला. हे म्हणाले, गेला डोळा तर जाऊ द्या, दुसरा आहे. अनुपम ऐकेना. नेहाला पोटातल्या बाळामुळे मनाई, सचिन गाडी घेऊन इटारसीकडे गेलेला. समृद्धी आत टेबलावर बसून दाराकडे पाहत होती. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता. मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

बांगड्या काढल्या, साबण लावून जोडवीही काढली. मंगळसूत्रावर येऊन हात अडला. सोनं असो का लोखंड, आत काही चालत नाही म्हणे. सचिनच्या बाळंतपणात नर्सनं सांगितलं तेव्हाही मी काढलं नव्हतं. मी म्हटलं, पदराखाली घेते, पट्टी चिकटवा, काहीही करा. नवरा समोर उभा असताना मी गळा मोकळा करणार नाही. असं मी तिकडे पोरगी बसली असताना म्हटलं. खोटं काहून बोलू?

हे जवळ आले. जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "पुष्पा, मी तिला कबूल केलं आहे. पाय सुटला तर ती पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार नाही. माझं काय व्हायचं ते होईल, तू जा."

आणि स्वतःच हूक काढायला लागले. ती जाड बोटं, तो बारीक हूक. निघालं तसं शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वर तळवा दाबून धरला.

मी आत गेले. समृद्धीनं विचारलं, आबा? मी काचेकडे बोट दाखवलं. काचेपलीकडे हे उभे होते, खिशावर हात ठेवून. मी तिचा उजवा पाय धरला आणि एकदा दाबला. तो आवाज म्हणजे, कानात बोळे असूनही दात हलत होते. पोरगी हलली नाही. अर्धं झालं तेव्हा यांनी काचेआडून दोन बोटं दाखवली, मी दोनदा दाबलं. सगळा वेळ मला एकच कळत होतं, माझा गळा उघडा आहे. शेवटी आवाज थांबला आणि बाहेरून भोंगा ऐकू आला. अख्ख्या सेंटरला ऐकू गेला असेल.

फोटो साफ आला. गाठ होती. नागपूरला ऑपरेशन झालं. आता दर चार महिन्यांनी एमआरआय आहे, गाठ परत येते का ते पाहायला.

हे पौषात गेले. सकाळी चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवला आणि गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेराव्याला नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही जिवंतपणी गळा मोकळा केला, त्याचंच हे. मी तिला दारापर्यंत पोचवून आले, पुन्हा या म्हटलं नाही. पण खरं सांगते, एकटी असले की मलाही तसंच वाटते. मग स्वतःचाच राग येतो, आणि रडूही येते. हे गेले त्या दिवशी बायका मंगळसूत्र काढायला आल्या तेव्हा मी कोणाला हात लावू दिला नाही. हूक माझा मीच काढला. एकदा त्यांच्या हातानं निघालं होतं, आता दुसऱ्या कोणाचा हात कशाला?

मागच्या महिन्यात समृद्धीला घेऊन गेले. तोच अनुपम. फॉर्ममध्ये डोकं घालून सवयीनं म्हणाला, "अम्माजी, मंगलसूत्र उतार दीजिए।" मग त्यानं वर पाहिलं आणि खाली मान घातली. मी म्हटलं, राहू दे बेटा, काढायला काही नाही.

आत समृद्धी टेबलावर आडवी झाली. काचेकडे तिनं पाहिलं नाही, तिला सगळं समजते. उजवा पाय माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "आजी, पैर मत छोड़ना।"

अर्धं कधी झालं ते सांगायला काचेपलीकडे कोणी नव्हतं. मी अंदाजानं दोनदा दाबलं.