तिसऱ्या हाकेची वाट

सगळ्यात आधी विभावरी मॅडमचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. पासपोर्टच्या फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात 'सातवी' लिहिताना माझा हात थांबला होता, तेव्हा "लिही वं, सातवी काही गुन्हा नाही," असं म्हणणाऱ्या त्या. जन्मात पहिल्यांदा बंद बूट घातले, तेव्हा समोर पाटावर बसून लेस बांधायला शिकवणाऱ्याही त्याच. आणि आज मी जिवंत आहे, कणीक मळते आहे, हे लिहिते आहे, तेही त्यांच्यामुळे. हे उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाही. पुढं वाचाल तर कळेल. वहीच्या पानांचे फोटो काढून मी वैष्णवीला पाठवले आणि तिनं माझं ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं. वैष्णवी मॅडमची विद्यार्थिनी, कळमेश्वरची. बाकी चुकलं असेल ते माझं.

बातमीही तिनंच दिली. पाच आठवडे झाले. मी सध्या फिनलंडमधल्या एका लहान गावात, एका नागपुरी जोडप्याच्या खानावळीत पोळ्या-भाजी करते. दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे त्या दिवसांत इथली दिवेलागण. "मावशी, मॅडम गेल्या." एवढंच बोलली. तव्यावरची पोळी जळाली, धूर झाला, मालकीणबाई धावत आल्या, त्यांनी गॅस बंद केला… मी फोन कानाला धरून तशीच. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आदल्या दिवशी मॅडमच्या नंबरावरून दोनदा फोन वाजला होता. दोनदाच. मी उचलला नव्हता. काहून उचलला नाही, ते सांगायला मला तीन वर्षं मागं जावं लागेल.

नागपुरात मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होते. गाव पारशिवनीच्या पुढं, जंगलाला लागून. नवरा गेल्यावर शहरात आले आणि त्या चुलीपाशीच राहिले. मॅडम कॉलेजात भूगोल शिकवायच्या आणि वसतिगृहाचं काम पाहायच्या. उंच, काटक, मे महिन्याच्या उन्हातही डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून चालतच येणाऱ्या. जेवायला टेबलावर कधी बसल्या नाहीत. स्वयंपाकघरात उभ्यानंच गरम भाकर हातावर घ्यायच्या, वर ठेचा, आणि खाता खाता पृथ्वीबद्दल काहीबाही सांगायच्या. मला निम्मं कळत नसे. पण मला कळो न कळो, त्या सांगायच्या, याचंच मला अप्रूप.

एक दिवस म्हणाल्या, "चंद्रकला, बर्फ पाहिला का कधी?"

"फ्रीजातला पाहिला."

"मग चल. पोरींले फिनलंडले घेऊन जाऊन राहिली मी. तिथलं कॉलेज राहायची सोय करते, खायची आपली आपण. तू नाही आली तर अर्ध्या पोरी डबलरोटी खाऊन रडतीन."

"मी? मॅडम, मले कन्हानच्या पुलावर गाडीत मळमळते!"

"तर पिशवी घे सोबत. पण चल."

निघायच्या आधी त्या मला इतवारीत भांड्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. प्रत्येक पोरीच्या नावाची एक स्टीलची थाळी करायची होती. त्यांची ही जुनी रीत. कुठंही सहल गेली की थाळ्या सोबत. म्हणायच्या, "पोरी मोजायले गेलं की एक हलते, एक लपते. थाळी हलत नाही. जेवायले कोणाची थाळी रिकामी पडली दिसली, की ती पोरगी हरवली." बारा पोरींची नावं टाकून झाली, मॅडमचं झालं. मग त्यांनी चौदावी थाळी पुढं केली. नावं टाकणाऱ्यानं मशीन हातात धरूनच मला विचारलं, "मालकाचं नाव काय बाई?" आमच्याकडं भांड्यावर सासऱ्याचं नाव असतं, नवऱ्याचं असतं, नाहीतर लग्नात ज्यानं दिलं त्याचं. मॅडम म्हणाल्या, "मालक जेवायले नाही येऊन राहिले, ही येऊन राहिली. चंद्रकला टाका." तो कुरकुरला, "लांब नाव आहे, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "टाका सावकाश. आम्हाले घाई नाही." मशीन घुर्र करत फिरलं. परतताना ऑटोत मी ती थाळी चारदा पदरानं पुसली. मी सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी बाई. उरलेल्या ताटात, कधी झाकणात. माझ्या नावाचं भांडं म्हणून जगात नव्हतंच.

फिनलंडात आम्हाला एका गोठलेल्या तळ्याच्या काठी लाकडी घर दिलं होतं. देखरेखीला एक म्हातारी, तिचं नाव आयला. पहिल्याच दिवशी मॅडमनी ते नाव घेऊन ओळख करून दिली आणि बाराही पोरी तोंडात ओढणी कोंबून हसल्या. वैष्णवी तर म्हणाली, "मॅडम, आम्ही हिले हाक मारली की शिवी दिल्यासारखं वाटते." म्हातारीही हसली, काही न कळता. त्याच दुपारी सगळे हसत असताना बाहेरून आवाज आला. कसा सांगू… जमिनीखालून बैल हंबरावा तसा, लांबून आला, घराखालून गेला आणि पलीकडं जंगलात विरला. ताकातली रवी माझ्या हातातच राहिली. मॅडमनी समजावून सांगितलं की थंडी वाढली की बर्फ ताणला जातो, तडकतो, तेव्हा तळं असं बोलतं. पोरींनी वहीत लिहून घेतलं. मी मान हलवली. पण रोज, उजेड उतरायला लागला की मी त्या आवाजाची वाट पाहायची, आणि आला की अंगावर काटा यायचा.

मी भाजी चिरताना वैष्णवीला आमच्या गावचा चकवा सांगितला. जंगलात, शेतात माणसाला चकवा लागतो. ओळखीची वाट सापडत नाही, माणूस गोल गोल फिरतो आणि परत स्वतःच्याच पावलांवर येतो. मग ओळखीच्या आवाजात हाक येते. माझी माय सांगायची, "एका हाकेले ओ देऊ नको, दुसऱ्या हाकेले देऊ नको. तिसरी आली तर माणूस समज. चकव्याले तीनपर्यंत मोजता येत नाही." वैष्णवी हसली. मॅडम दारात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिसऱ्या हाकेचं चांगलं आहे. लक्षात ठेवते."

आठव्या दिवशी पोरी मॅडमसोबत तळ्यावर बर्फाची जाडी मोजायला गेल्या. वाटेवर खुणेसाठी बर्फात हिरव्या फांद्या रोवल्या होत्या. मी किटलीत चहा भरला, डब्यात चिवडा घेतला आणि त्या फांद्या धरून निघाले. थोडं गेले असेन, तोच बारीक भुसा उडावा तसा बर्फ सुरू झाला. पुढची फांदी दिसेना. मागची दिसेना. आभाळ नाही, जमीन नाही, सगळं एका रंगाचं, दुधात बुडाल्यासारखं. मी हाक मारली तर आवाज तोंडाबाहेर पडल्याबरोबर विझला. चालत राहिले. पुढं पावलं दिसली. जीव भांड्यात पडला. वाकून पाहिलं, तर माझ्याच बुटाची होती.

तेव्हा हाक आली. "चंदे…"

घरी मला चंदी म्हणायचे. घरी म्हणजे माय म्हणायची. तिला जाऊन अकरा वर्षं झालेली. त्या देशात, त्या घरात, नागपुरातसुद्धा हे नाव कोणालाच माहीत नव्हतं. आवाज तिचाच, जेवायला बोलवायची तसा, शेवटी थोडा ओढलेला. मी वळले. पाय आपोआप तिकडं चालायला लागले. पुन्हा आली, जवळून. "चंदे, ये वं." ओ माझ्या ओठापर्यंत आला होता. पण हातमोज्यातली बोटं मोजत होती. दोन. मी मटकन बर्फावर बसले, किटली मांडीवर घेतली आणि तिसरीची वाट पाहिली. खालून तळं हंबरलं. ते माझ्या हाडांतून गेलं. तिसरी हाक आली नाही… किती वेळ बसले, सांगता येत नाही.

मग पाठीमागून, अगदी उलट्या दिशेनं, टण् टण् टण् असा आवाज आला. थांबला. पुन्हा टण् टण् टण्. स्टीलच्या थाळीवर पळी मारल्याचा. हा आवाज मी जन्मभर काढलेला आहे, तो मला चकवू शकत नाही. मी उठले आणि त्याच्याकडं चालत सुटले.

काठावर मॅडम उभ्या होत्या. डोक्याला काही नाही, हातमोजे नाहीत. डाव्या हातात थाळी, उजव्यात पळी. माझी थाळी. गारठ्यानं त्यांच्या तळव्याची कातडी कडेला चिकटली होती. सोडवताना सोलून निघाली. "ओ द्यायले काय झालं होतं वं तुले? तीन हाका मारल्या, मोजून!" मी त्यातली एकही ऐकली नव्हती. "मॅडम, तिकडून माय…" एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि माझ्या हातातली किटली काढून घेतली. पोरी दुसऱ्या काठानं कधीच्या परतल्या होत्या. मी चहा घेऊन निघाले हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमनी जेवणासाठी थाळ्या मांडल्या, तेरा भरल्या, चौदावी तशीच पडली. ती थाळी नसती, तर वाढणारी बाई जेवली का, हे कोणी पाहिलं असतं?

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर आयला आम्हाला तिथं घेऊन गेली. माझी पावलं दिसत होती. मी बसले तो खळगा होता. तिथून, मायची हाक आली त्या बाजूला, तीसेक पावलांवर एक ओढा तळ्याला मिळतो. तिथं बर्फ धरत नाही. काळं पाणी उघडं होतं, वाफा निघत होत्या. माझ्या पावलांखेरीज तिथं कोणाचंही पाऊल नव्हतं. आयला आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मॅडमनी त्याचा अर्थ मला सांगितला नाही.

पुढच्या वर्षी वसतिगृहाची मेस बंद झाली. त्या सहलीत ज्या नागपुरी जोडप्यानं माझ्या हातचं खाल्लं होतं त्यांना मॅडमनी कळवलं, आणि मी इथं यायला निघाले, त्याच तळ्याच्या गावी. भीती वाटत होतीच. नागपूरच्या विमानतळावर मॅडमनी ती थाळी माझ्या पिशवीत खुपसली. म्हणाल्या, "आता हाक मारायची तर फोनच करीन. तीनदा वाजवीन. तिसऱ्यांदा वाजला की समजून घे, भूत नाही, मीच आहे." तो आमचा खेळच झाला. दोन वर्षं झाली, त्यांचा फोन एकदा वाजून बंद व्हायचा, दुसऱ्यांदा वाजून बंद व्हायचा, तिसऱ्यांदा मी उचलायची. "आली का माणसात?" असं विचारून त्या हसायच्या.

त्या दिवशी भर जेवणाच्या वेळी फोन वाजला. हात कणकेत होते. मी हसले. दुसऱ्यांदा वाजला. मी हात धुऊन, पुसून तयार राहिले… तिसऱ्यांदा वाजला नाही. कामात असतील म्हटलं. मग माणसं आली, पोळ्या सुरू झाल्या, आणि मी परत फोन केला नाही.

त्या दवाखान्यात आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच सांगू दिलं नव्हतं. वैष्णवी उशाशी होती. ती म्हणते, दुपारपासून मॅडमचं भान सुटत होतं. खिडकीकडं पाहून म्हणत होत्या, "सारं पांढरं झालं वं… फांद्या दिसून नाही राहिल्या. चंद्रकलेले सांग, थाळी वाजव म्हणा." वैष्णवीनं त्यांच्याच फोनवरून मला लावला. दोनदा लावला. तेवढ्यात नर्सनं तिला बाहेर पाठवलं. आमचा खेळ तिला माहीत नव्हता.

थाळी इथं माझ्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. 'चंद्रकला'च्या खाली पळीचे पोचे आहेत, बोट फिरवलं की लागतात. आता रोज दुपारची जेवणं उरकली की मी ती घेऊन काठावर जाते आणि तीन-तीन टोले देते. आयला कधी कधी माझ्यामागं येऊन उभी राहते. बहुतेक दिवशी काहीच होत नाही. गेल्या आठवड्यात मात्र बारीक बर्फ पडत होता, पलीकडचा काठ पुसला गेला होता. मी तिसरा टोला दिला, आणि तळं हंबरलं. त्या आवाजाच्या आतून हाक आली. "चंद्रकला…" एकदाच. माय म्हणायची, एका हाकेला ओ देऊ नये. मी दिला. छाती फुटेस्तोवर दिला, "ओऽऽ मॅडम, इकडं, इकडं या!"

पुन्हा काही ऐकू आलं नाही. आयलानं माझा दंड धरून ठेवला होता.

मॅडम, हा बर्फ वितळेल, पुन्हा धरेल. माझी थाळी वाजत राहील. तुम्ही हातमोजे न घालता माझ्यासाठी उभ्या राहिलात, मी फोनच्या दोन हाकांना गप्प बसले. एक दिवस तुम्ही या काठाला लागाल आणि तुमची थाळी मी आधी वाढीन, माझ्या आधी, सगळ्यांच्या आधी. तुमचं मी असं फेडीन. तोवर हाक मारा. एकदा मारली तरी पुरे.