पहिल्या भुंकण्याचा मान

ओसुमी गावच्या हायातो लोकांचे रोजचे काम बांबूच्या टोपल्या विणण्याचे. पण नवा सम्राट गादीवर बसला, की राजवाड्याच्या दाराशी कुत्र्यासारखे भुंकून भुतेखेते पळवायचा मान त्यांचाच. त्यातही पहिले भुंकणे एकट्याचे. मागच्या खेपेस, चोवीस वर्षांपूर्वी, ते उशितेच्या वडिलांनी केले होते. तेव्हाचे म्हातारे आता गेले. ते भुंकणे बरोबर ठाऊक असलेला एकटा उशिते उरला होता. वडिलांनी मरण्यापूर्वी त्याच्याकडून ते घोटून घेतले होते.

मान मात्र मिळाला तारिहितोला, त्याच्या मेहुण्याला.

"आवाज आहे त्याच्याकडे," गावचा मुखिया म्हणाला. "तू भुंकलास तर भुतं विचारतील, बाबा, खोकल्याला काही घेतलंस का?"

सगळे हसले. उशितेही हसला, पण त्याच्या हातातली कांब मोडली. त्या दिवसापासून मेहुण्याचे काहीच त्याला बघवेना. ते रुंद खांदे, त्यांवर टाकायला आलेले लाल रेशमी वस्त्र, आणि बायको भावाला वाढायची तो माशाचा मधला तुकडासुद्धा.

एके सकाळी तारिहितो आपणहून आला. "दाजी, तुमच्याशिवाय कोणाला विचारू? तुमचे वडील कसे भुंकायचे?"

आधी दोन तुटक, मग खाली उतरत जाणारा लांब सूर. उशितेच्या जिभेवर होते.

"तीन तुटक," तो म्हणाला. "आणि शेवटचा सूर वर चढवायचा. पिल्लू केकाटतं तसा."

"पिल्लू?"

"मग काय, मी खोटं सांगतोय?"

"तसं नाही हो, दाजी!"

भोळ्या मेहुण्याने महिनाभर तेच घोटले. दाराशी याचे हसे होईल, मग मुखिया आपल्यालाच पुढे ढकलेल, या आशेवर उशिते दिवस काढत होता.

सोहळ्याच्या दिवशी दार उघडले. दाराच्या दोन्ही बाजूंना हायातोंच्या रांगा होत्या. डाव्या रांगेतून तारिहितो भुंकला. तीन तुटक, आणि वर चढत गेलेला असा सूर, की घोडे बिचकले. कोणी हसले नाही. सोहळ्याचा अधिकारी खूश होऊन लेखनिकाला म्हणाला, "लिहून ठेव. यापुढे असंच."

आता उजव्या रांगेने तसेच उत्तर द्यायचे. त्या रांगेत उभ्या उशितेच्या तोंडून वडिलांचा उतरता सूर निघाला.

शेजाऱ्याने कोपर मारले. "अरे, चुकतोयस! वर चढव!"

त्याने चढवला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळे खरे सांगितले. ती हातातले काम न थांबवता म्हणाली, "पुरे हो. माझ्या भावावर आणखी किती जळाल?"

पुढे गावात जो तो तसाच भुंकायला शिकला. उशिते कधीमधी बांबूच्या बनात एकटा जाई, दोन तुटक भुंके आणि लांब सूर लावी. पण तो मध्येच वर चढे, आणि पुन्हा कितीही वेळा करून पाहिले तरी खाली येत नसे.